पारोसा विळा

उकळबाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी चुलीकडे बघायच्या, मग माणसांकडे. "चूल पेटलेली आहे ना?" हाच त्यांचा रामराम. पेटलेली असली की विचारल्याशिवाय तिच्यावर पातेलं चढवायच्या, खांद्यावरच्या पिशवीतून कात्री, दोरा, फडक्याचे तुकडे काढून त्यात सोडायच्या आणि समोर उकिडव्या बसून घरातल्या बाईला विचारत राहायच्या, "बुडबुडे आले का?" तळाशी धरणारे बारीक बुडबुडे त्यांना चालत नसत. "हे नव्हेत. हे नुसते जांभया देतायत. मोठे येऊ द्या, पातेलं हललं पाहिजे." सरकारी कागदावर त्यांचं काहीतरी चांगलं नाव होतं, पण आमच्या वाडीनं त्यांचं नव्यानं बारसं केलं. पोरं तर त्या दिसल्या की लांबून ओरडायची, "बुडबुडं आलं का?" बाई छत्री उगारायच्या आणि पोरं पळायची.

मी मूळची जुन्नरची. मराठी सातवी झालेली होते आणि त्या सातवीची मला जरा जास्तच घमेंड होती. दिली मात्र घोडेगावच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत. एस.टी. तेव्हा घोडेगावापर्यंतच यायची, तिथून पुढं पायवाट. भात, नाचणी, वरई, दोन म्हशी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, एवढं माझं जग. त्या जगात मी दोन मुलं गमावली होती. दोन्ही चांगली रडत-ओरडत जन्माला आली. पाचवी पुजून झाली. आणि मग एका सकाळी बाळ दूध ओढेना. जबडा घट्ट मिटलेला, अंग ताठ, नुसता हात लावला तरी धनुकलीसारखं वाकायचं. दुसऱ्या दिवशी सगळं संपायचं. वाडीत हे घरोघरी होतं आणि त्याला एकच उत्तर होतं, सटवाईनं नेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. हे तरी जगेल का, याशिवाय त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याच वर्षी उकळबाई घोडेगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून बदलून आल्या.

दिसायला त्या काही छाप पाडणाऱ्या नव्हत्या. बुटक्या, रुंद, पायात कॅनव्हासचे बूट, उन्हाळा असो की हिवाळा काखेत काळी छत्री. छत्री कुत्र्यांसाठी होती. रात्री-अपरात्री जंगलातून चालत येणारी ही बाई कुत्र्याला इतकी घाबरायची की वाडीच्या तोंडाशी उभी राहून "कुणी आहे का? कुत्रं धरा!" म्हणून हाका मारायची. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. वय तिशीच्या पुढं आणि लग्न झालेलं नाही. आमच्याकडच्या बायकांना ही तिन्ही कारणं एकेकटीसुद्धा पुरली असती. "बाटवाया आली आसंल" हे एक, आणि दुसरं त्याहून लागणारं: "जिला सोताला प्वार न्हाई, ती आमाला बाळतपान शिकीवणार!" हे त्यांच्या तोंडावर बोललं जायचं. बाईंचे कान लाल व्हायचे, पण आवाज तसाच राहायचा. "मला नाही, हे खरं आहे," त्या म्हणायच्या. "तुमचं आहे ते राहू द्या, एवढंच म्हणते."

पहिल्यांदा त्यांनी जे केलं ते सगळे शिकलेले लोक करतात तेच. चावडीपुढं सभा घेतली. पाटील आले, मास्तर आले, आमचे हे आले, पागोटी आणि टोप्या रांगेनं बसल्या. बाईंनी सांगितलं की बाळाची नाळ ज्या विळ्यानं कापतात त्या विळ्यावरून विष बाळाच्या अंगात शिरतं, आणि विळा उकळून घेतला तर मुलं दगावणार नाहीत. पुरुषांनी माना डोलावल्या. नाळ म्हटल्यावर दोघं-तिघं खाली बघायला लागले. पाटलांनी आभार मानले आणि एस.टी. आमच्या वाडीपर्यंत कधी येणार ते विचारलं. पुढं कितीतरी दिवस बाई स्वतःवर चिडलेल्या होत्या. "ज्यांना बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावायची परवानगी नाही, त्यांना मी बाळंतपण शिकवून आले," म्हणायच्या. "माझ्यासारखी शहाणी मीच."

मग त्या ठकूआजीकडे गेल्या आणि तिथं तर पुरताच घोटाळा करून ठेवला.

ठकूआजी आमच्या सगळ्या वाड्यांची सुईण. उंच, वाळलेली, हनुवटीवर गोंदण, आणि जीभ अशी की म्हशीसुद्धा तिला वाट देत. हिनं जन्माला आणलेल्या पोरांनी आपली पोरंही हिच्याच हातात दिलेली. तिचा विळा तिच्या सासूचा, सासूला तिच्या सासूचा आलेला. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद नि बोरू ठेवून सटवाईची पूजा होते, तेव्हा त्या पाट्यावर हा विळा ठेवायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते ती त्या विळ्याच्या साक्षीनं. आणि उकळबाईंनी काय करावं? पिशवीतून नवी कोरी कात्री काढून आजीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "हा गंजका विळा टाकून द्या. आजपासून ही वापरा."

आजीनं कात्री पायानं सरकवली. "फेकायचाच व्हता तर तुज्या बोलन्याआदी फेकला असता. ऊठ. माज्या वसरीवनं ऊठ."

"बरं, टाकू नका. निदान उकळून तरी घ्या."

"उकळाया त्यो काय बटाटा हाय? इळ्याचं पानी उतरंल! मग काय दातानं तोडू नाळ?"

हे पाणी म्हणजे लोहार पात्याला देतो ते पाणी, ज्यानं धार टिकते. ते उतरलं की लोखंड मेलं, हे आमच्याकडं लहान मूलही सांगेल. बाईंना ते ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं म्हातारी काहीतरी बरळते आहे, आणि त्या हसल्या. झालं. दुसऱ्या दिवसापासून चारी वाड्यांत त्यांना कुणी पाट देईना. दारं लागायला लागली. आत्याबाईंनी मला बजावलं, "ती बया आली तर तू मागल्या दारानं गोठ्यात जा. ठकीनं आपल्याकडं पाठ फिरीवली तर तुला कोन सोडवणार हाय?" प्रश्न खोटा नव्हता. सुईणीशी वैर धरून आमच्याकडच्या कुठल्या बाईला बाळंत होणं शक्य नव्हतं. मला पाचवा महिना होता आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी गोठ्यात गेले नाही. मी ओढ्यावर गेले. धुणं धुताना बाई वाटेनं येताना दिसल्या, कुणी बोलायला नाही म्हणून स्वतःशीच पुटपुटत. मी हाक मारली. त्या खडकावर बसल्या, बूट काढून पाय पाण्यात सोडले, आणि मी त्यांना माझ्या दोन्ही मुलांचं सांगितलं. जबडा कसा मिटला, अंग कसं ताठलं. सांगताना मी रडले नाही, कारण मला रडण्यापेक्षा विचारायचं होतं. "विळा उकळला तर हे होणार नाही, असं तुम्ही शपथेवर सांगाल का?"

"शपथेवर नाही सांगत," त्या म्हणाल्या. "कधी दुसऱ्या कशानंही जातं मूल. पण हे असं, जबडा धरून, सहसा जाणार नाही. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." त्यांनी शपथ घेतली असती तर मी बहुधा विश्वास ठेवला नसता. त्या दिवशी त्यांना आमच्या वाडीतलं पहिलं माणूस मिळालं. मी तसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला सगळं गाव कुठं हवंय?" म्हणाल्या. "दोन-तीन माणसं द्या. पण अशी द्या की त्यांनी केलं की बाकीच्यांना विचारावंसं वाटेल."

विळ्याच्या पाण्याचं मी त्यांना समजावून सांगितलं. विळा मेला तर आजीचा हातच गेला, हे ऐकल्यावर बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी हसले!" मग विचारू लागल्या, "लोखंडाच्या बाबतीत ठकूआजी कुणाचं ऐकते?" मी म्हटलं, शिकलगारचाचांचं. जुन्नरचे हे चाचा दर बाजाराला घोडेगावात सहाणेचं धार लावायचं चाक मांडून बसायचे. आख्ख्या डोंगराच्या कोयत्या, विळे, कुऱ्हाडी त्यांच्या हाताखालून जायच्या, आणि ठकूआजी तिचा विळा त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात देत नसे.

"मग त्यांनाच विचारू. सगळ्यांसमोर."

"आणि ते म्हणाले, पाणी उतरतं, तर?"

"तर मी खोटी ठरले. आधी एकांतात विचारून ठेवलं तर आजीला वास येईल. ती काय दूधखुळी आहे?"

बाजाराच्या दिवशी आत्याबाईंच्या मागं मी घोडेगावला गेले. पाय जड झाले होते ते काही नुसत्या पोटाच्या भारानं नव्हे. चाचांच्या सहाणेभोवती डोंगरातली माणसं दाटीनं बसली होती, ठकूआजी सर्वांत पुढं. उकळबाईंनी बाजारातून एक नवा विळा घेतला, तो शेजारच्या चहावाल्याच्या भांड्यात सोडला, त्याला दूध घालू दिलं नाही, आणि पाणी खदखदून उसळेपर्यंत छत्री टेकवून उभ्या राहिल्या. चहावाला कुरकुरत होता, माणसं हसत होती. मग चिमट्यानं विळा काढून त्यांनी चाचांपुढं धरला. "चाचा, याचं पाणी उतरलं का, तेवढं सांगा."

चाचांनी सहाण थांबवली. विळा पुसला, उजेडाकडं धरला, अंगठ्याच्या नखावरून पातं फिरवलं. मनगटावरचे दोन केस त्यानं काढून बघितले. मी आजीकडं बघत होते आणि आजी चाचांच्या नखाकडं. चाचांनी सवयीनं थोडा जास्तच वेळ घेतला. सगळे आपल्याकडं बघताहेत हे त्यांना आवडायचं, आणि मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला.

"पानी जाळात उतरतंय," ते शेवटी म्हणाले. "लाल झाला का मेला. उकळत्या पान्यात लोखंड लाल हुतंयच कुटं? तुमच्या कालवनात पळी उकळती का न्हाई रोज? ह्येची धार जागच्या जागी हाय, राव."

लोक ठकूआजीकडं वळले. तिनं आपला विळा चाचांच्या पुढ्यातून उचलून पदराखाली घेतला. "आसंल," ती म्हणाली. "धार ऱ्हाईल. पन देवाचा इळा म्या भाजीवानी शिजवायची न्हाई." आणि उठून चालायला लागली.

येताना बाईंच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. मी म्हटलं, "आता?" त्या म्हणाल्या, "आता दोन माणसं झाली. एक तुम्ही, एक चाचा." मग थोडं थांबून, "आणि ती 'आसंल' म्हणाली. कधी म्हणाली होती का याआधी?"

नवव्या महिन्यात ठकूआजी मला तपासायला आली. ती माझ्या पोटाला तेल लावत असताना उंबऱ्यात छत्री दिसली. बाई पहाटेच कुठल्याशा वाडीवरून निघून डोंगर उतरून आल्या होत्या, अंगावर धूळ, बुटांना चिखल. आत्याबाई चुलीपासून उठल्या, पण त्यांच्या आधी आजी कडाडली, "थांब तितंच! आंगुळ क्येलीस का? न्हाई ना? मग पारोशी आत शिरू नगंस. पोटुशी बाई हाय हितं."

मी डोळे मिटून घेतले. आता पुन्हा भांडण, आणि या वेळी माझ्या पोटावर. पण बाई तशाच मागं वळल्या. बाहेर गेल्या. परड्यात आत्याबाईंनी भरून ठेवलेल्या घंगाळातलं गार पाणी त्यांनी साडीसकट अंगावर ओतून घेतलं आणि निथळत परत उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. थंडीनं दात वाजत होते.

"आता येऊ?"

आजी बघतच राहिली. "ये," म्हणाली.

बाई आत येऊन भिंतीशी बसल्या. मग अगदी हळू, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "आजी, बाळ आल्यावर त्याला आंघोळ घालता?"

"घालनारच की."

"बाळंतिणीला?"

"तिला बी."

"आणि तुम्ही?"

"आंगुळ केल्याबिगर म्या घरला पाऊल टाकत न्हाई. हे काय इचारनं झालं?"

"मग बाळाला सगळ्यांच्या आधी शिवतो तो विळाच तेवढा पारोसा का?"

ठकूआजीचा तेलाचा हात माझ्या पोटावर तसाच थांबला होता. पारोशी हा तिचाच शब्द होता, आत्ताच बाईच्या अंगावर फेकलेला. तो परत आलेला बघून तिला काय वाटलं ते तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. तिनं हात पुसला, विळा घेतला आणि निघून गेली. बाई पुढं कितीतरी दिवस म्हणत होत्या, मी एक वाक्य जास्त बोलले का हो?

माझे दिवस भरले ते खळ्यावर भाताची झोडणी चालू असताना. सकाळी कळा सुरू झाल्या. आमचे हे बाईंना आणायला घोडेगावकडं पळाले आणि दुपारी एकटेच परत आले. बाई पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या बाळंतपणाला गेल्या होत्या, केव्हा येतील सांगता येत नव्हतं. ठकूआजी मात्र आली होती. तिनं पदर खोचला, मला धीर दिला, शिव्या दिल्या, आणि ऊन कलायच्या आत मुलगी झाली. चांगली रडली. आधीची दोन्हीही अशीच रडली होती.

आजीनं विळा काढला. मी जिवाच्या करारानं कोपरावर उठले आणि म्हणाले, "आजी, पारोसा नको."

मला वाटलं होतं तिनं विळा उकळून आणला असेल, किंवा उकळायचाच नाही असं ठरवून आली असेल. तिनं काहीच ठरवलं नव्हतं. विळा हातात धरून ती माझ्याकडं बघत राहिली. त्या हातानं माझी दोन मुलं मोकळी केली होती, आणि त्या दोघांचं पुढं काय झालं हे तीही विसरली नव्हती.

"पातेलं ठिव गं चुलीवर," ती आत्याबाईंना म्हणाली.

पुढचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. लाकडं ओली होती. धूर नुसता कोंडला, जाळ धरेना. नाळ न कापलेलं बाळ माझ्या पोटावर फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. बाईंनी मला सांगून ठेवलं होतं की थांबलं तर काही बिघडत नाही, ऊब मात्र द्या. मला पाठ होतं ते, पण पाठ असणं वेगळं आणि तुमच्या पोटावर मूल निळसर दिसत असणं वेगळं. आत्याबाईंचा धीर सुटला. "प्वार गारठंल! काप ना गं ठके, काप! कुनाचं ऐकून बसलीस तू?" आजी पातेल्यासमोर उकिडवी बसली होती, अगदी उकळबाई बसायच्या तशी. पाण्यात विळ्याचं पातं दिसत होतं, पण पाणी निवांत.

"बाई इचारत्यात, बुडबुडं आलं का?" ती म्हणाली.

मला कळलंच नाही ती काय बोलली. मग कळलं, ती नक्कल करत होती. घाबरलेली होती आणि घाबरलेली दिसू नये म्हणून चेष्टा करत होती. आत्याबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "न्हाई आलं."

"मग फुक की! माज्या तोंडाकडं काय बगतीस?"

आणि माझ्या सासूबाईंनी फुंकणी घेतली. त्यांनीही दोन नातवंडं पुरली होती, हे मला माझ्या दुःखात कधी सुचलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत त्या फुंकत राहिल्या. आजी विचारायची, "बाई इचारत्यात, बुडबुडं आलं का?" त्या सांगायच्या, "न्हाई आलं," आणि पुन्हा फुंकायच्या. शेवटी जाळ भडकला, पातेलं हलायला लागलं, आणि आत्याबाई ओरडल्या, "आलं, बाई, आलं!"

आजीनं विळ्याबरोबर उकळलेला दोरा बांधला, विळ्यानं नाळ कापली. मग सवयीनं तिचा हात नाळेला लावायच्या राखेच्या वाटीकडं गेला. बाईंनी तेही नको म्हटलं होतं. हात वाटीवर थांबला आणि रिकामाच परत आला.

दुसऱ्या दिवशी उकळबाई धापा टाकत आल्या. बाळाला बघितलं, नाळ बघितली, विळ्याचं ऐकलं. मला वाटलं आता ही बाई आनंदानं नाचेल. तर त्या आत्याबाईंवरच उखडल्या, "ओली लाकडं? बाळंतपणाच्या घरात ओली लाकडं ठेवली होती?" आणि मग तोंड फिरवून छत्रीची मूठ उगाचच पुसत राहिल्या.

पाचवी झाली. ती झाल्यावर माझ्या आधीच्या मुलांचा दिवस यायचा. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. दर वेळी बाळाला पदराखाली घेताना एकच विचार: ओढेल का? ठकूआजी रोज यायची, बाळाच्या हनुवटीला बोट लावून जबडा हलवून बघायची आणि जायची. उकळबाईही यायच्या. एकदा दोघी एकाच वेळी ओटीवर बसलेल्या मी पाहिल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. ज्या सकाळी पहिली दोन्ही मुलं दूध सोडून बसली होती, ती सकाळ आली, दोघी ओटीवरच होत्या, आणि पोरीनं असा काही लचका तोडला की मी किंचाळले. दोघी धावत आत आल्या. मी रडत होते आणि हसत होते, आणि ती पोरगी चुकुचुकु ओढत होती. ठकूआजीनं वाकून बाळाच्या हलत्या जबड्याला बोट लावलं. "पितीया," एवढंच म्हणाली.

त्यानंतर आजी कुणाचं ऐकणार होती? ज्या घरी बाळंतपणाला जाईल तिथं आधी चुलीची चौकशी. तिच्या माहेरच्या वाड्यांतल्या सुइणींना तिनं शिकवलं, आणि शिकवताना सांगितलं काय, तर हे माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलंय, मधे आम्हीच विसरलो होतो! मी संतापले. बाईंना म्हटलं, "तुमचं नावसुद्धा घेत नाही ती. घंगाळभर गार पाणी अंगावर घेतलंत तुम्ही, आणि श्रेय तिच्या आजेसासूला?"

बाई शेंगा फोडत होत्या. दाणे खाताना त्यांना बोललेलं आवडत नसे. "तिचंच म्हणू दे," त्या म्हणाल्या. "माझं म्हटलं तर माझ्या बदलीबरोबर जाईल."

आणि सगळंच काही सरळ झालं नाही. राखेची वाटी कितीतरी घरांत परत आली. एका वाडीत विळा उकळून पुन्हा शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवला गेला आणि ते मूल गेलं. बाई त्या घरी जाऊन आल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. पण पाळणे रिकामे होणं कमी झालं. ते आम्हा बायकांना मोजल्याशिवाय कळत होतं.

त्यांची बदली झाली तेव्हा मी मुलीला काखोटीला मारून घोडेगावच्या स्टँडवर गेले. ठकूआजी आधीच तिथं उभी होती, तांदळाचं गाठोडं घेऊन. बाईंनी नमस्कार केला तर म्हणते कशी, "लांबनं कशाला? आंगुळ करून आलीया म्या, पारोशी न्हाई." बाई तिच्या गळ्यात पडल्या. एस.टी. सुटताना खिडकीतून त्यांनी काहीतरी ओरडून सांगितलं, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. पुढं कुठं गेल्या, लग्न केलं का, कधी वारल्या, काहीच कळलं नाही. मी जुन्नरला, नगरकडच्या माणसांना विचारत राहिले. मला ती बाई फार हवी होती. आजही हवी आहे.

गेल्या साली आमच्या घरात माझ्या पणतीची पाचवी झाली. पोरगी दवाखान्यात झाली, तिथं सगळी हत्यारं आधीच उकळलेली, विळ्याचा संबंधच नाही. तरी ठकूआजीची नातसून, तीही आता पिकलेली, तोच विळा घेऊन आली. झिजून तो चंद्रकोरीएवढा उरलाय. तिनं गॅसवर पातेलं ठेवलं, विळा त्यात सोडला, आणि घरातल्या चार बायका पातेल्याभोवती हात जोडून उभ्या राहिल्या. नातसून ओवीच्या चालीवर म्हणाली, "बाई इचारत्यात, बुडबुडं आलं का?"

बाकीच्या एका सुरात, "न्हाई आलं."

मी काठी टेकत जवळ गेले. "का गं, ही बाई कोण?"

तिनं माझ्याकडं बघितलं, म्हातारीला भ्रम झालाय अशा नजरेनं. "कोन म्हंजी, आजी? सटवाई! तिला आंगुळ क्येलेलाच इळा लागतुया. पारोसा चालत न्हाई. पूर्वापारचं हाय ह्ये."

मी सांगायला तोंड उघडलं. नगरकडची, ख्रिस्ती, बिनलग्नाची, कुत्र्यांना घाबरणारी, जिला स्वतःचं मूल नाही म्हणून आम्ही हिणवलं ती बाई. मला ती दिसलीच, काखेत छत्री घेऊन उंबऱ्यात उभी, भयंकर चिडलेली: देवी कसली, ते पातेलं घासलंय का ते आधी बघा! मला हसू आवरेना आणि डोळे वाहायला लागले. नातसुनेनं पुन्हा विचारलं, "बाई इचारत्यात, बुडबुडं आलं का?" पाणी उसळलं होतं, पातेलं हलत होतं. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं मीच ओरडले, "आलं, बाई, आलं!"